जायंट्सचे सर्वकालीन थोर खेळाडू कसे निवडायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बे एरियात चार मराठी घरं जेवायला जमली आणि मुलं लिटल लीगमध्ये खेळणारी असली, की गुलाबजाम वाढेपर्यंत वाद ठरलेला: सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या बेसबॉल संघाचा आजवरचा सगळ्यात मोठा खेळाडू कोण? सचिन-सुनील वादावर पोसलेल्या आपल्या पिढीला वादाचा सराव आहे, बेसबॉलच्या तपशिलांचा तेवढा नाही. म्हणून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं एका जागी मांडली आहेत. उत्तरांत माझी मतं भरपूर आहेत, ती पटलीच पाहिजेत असं नाही.

नावं घेण्याआधी काय ठरवायचं?

एकच गोष्ट ठरवा, आणि ती बाकी सगळ्याच्या आधी ठरवा. तुम्ही 'जायंट्सकडून खेळलेला सर्वात थोर खेळाडू' शोधताय, की 'जायंट्ससाठी सर्वात जास्त केलेला खेळाडू'? निम्मी भांडणं या दोन प्रश्नांची सरमिसळ झाल्याने होतात.

मी दुसरा प्रश्न घेतो. जायंट्सचा शर्ट अंगावर असताना जे केलं, तेवढंच खात्यात धरायचं. याने फरक किती पडतो ते बघा. बॅरी बाँड्सचे एकूण होम रन (मैदानाबाहेर मारलेले फटके, आपल्या षटकारासारखे) ७६२, विली मेजचे ६६०. एकूण आकड्यात बाँड्स खूप पुढे. पण बाँड्सची पहिली सात वर्षं पिट्सबर्गमध्ये गेली. जायंट्ससाठी त्याचे होम रन ५८६ आणि मेजचे ६४६. क्रम उलटला की नाही?

हाच नियम लावला की पाहुणे मंडळी आपोआप बाहेर पडतात. रॉजर्स हॉर्न्सबी हा बेसबॉलच्या इतिहासातला बहुधा सर्वोत्तम सेकंड बेसमन; तो १९२७ साली एकच हंगाम जायंट्सकडे होता आणि त्यात .३६१ने (म्हणजे दर हजार प्रयत्नांत ३६१ हिट) बॅटिंग करून गेला. रँडी जॉन्सनने आपला ३००वा विजय २००९ मध्ये जायंट्सच्या शर्टात मिळवला. स्टीव्ह कार्लटन १९८६ मध्ये जेमतेम काही सामने खेळला, पण त्याचा ४०००वा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटरला बाद करणं) त्यातच बसला. कट्टर प्रतिस्पर्धी डॉजर्सचा लाडका ड्यूक स्नायडरसुद्धा १९६४चा हंगाम इथेच खेळून निवृत्त झाला, हे सांगितलं तर लॉस एंजेलिसवाले नातेवाईक विश्वास ठेवत नाहीत. माझ्याकडे मर्यादा पाच पूर्ण हंगामांची आहे. तुम्ही चार धरा, सहा धरा, पण यादी करायला बसण्याआधी धरा. नंतर धरलेली मर्यादा नेहमी कुणाच्या तरी आवडत्या माणसाच्या मापाने शिवलेली असते.

न्यूयॉर्कचे जायंट्स यात धरायचे का?

धरायचे. संघ १८८३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झाला, १८८५ पासून जायंट्स हे नाव लागलं, आणि १९५७चा हंगाम संपल्यावर सगळं बिऱ्हाड कॅलिफोर्नियात आलं. आठ अजिंक्यपदांपैकी पाच न्यूयॉर्कची आहेत (१९०५, १९२१, १९२२, १९३३, १९५४) आणि तीन सॅन फ्रान्सिस्कोची (२०१०, २०१२, २०१४). पाच सोडून द्यायची आणि वर 'ऐतिहासिक संघ' म्हणून मिरवायचं, हे जमत नाही.

तरीही सॅन फ्रान्सिस्कोपुरती वेगळी यादी करायला माझी हरकत नाही. शहराचंही स्वतःचं मन असतं. १९५८ मध्ये मेज इथे आला तेव्हा लोकांनी त्याला लगेच डोक्यावर घेतलं नाही. तो न्यूयॉर्कचा हिरो, आयता आलेला. त्यापेक्षा त्याच वर्षी पदार्पण केलेला पोर्तो रिकोचा ऑर्लँडो सेपेडा हा आपला, असा भाव होता. त्यात मेजने शहरात घर पसंत केलं तेव्हा शेजाऱ्यांच्या दडपणामुळे, कृष्णवर्णीय म्हणून, त्याला ते विकायला आधी नकार मिळाला होता. महापौरांना मध्ये पडावं लागलं. आज मैदानाच्या दारात त्याचा पुतळा आहे, भोवती त्याच्या २४ क्रमांकाच्या हिशेबाने २४ ताडाची झाडं आहेत आणि मैदानाचा पत्ताच '२४ विली मेज प्लाझा' आहे. तिथे फोटो काढणाऱ्यांना हा आधीचा भाग सहसा माहीत नसतो.

पहिला क्रमांक मेजलाच का? सगळे म्हणतात म्हणून?

सगळे म्हणतात हे खरं, पण कारणं भक्कम आहेत. बेसबॉलमध्ये खेळाडूची पाच कौशल्यं मोजायची पद्धत आहे: सातत्याने बॅटिंग, ताकद, पळणं, फील्डिंग आणि फेक. पाचही गोष्टी अव्वल दर्जाच्या असलेली माणसं बोटावर मोजण्याइतकी, आणि त्यांत मेज वरचा. १९५१ मध्ये सर्वोत्तम नवोदित, १९५४ आणि १९६५ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू. या दोन पुरस्कारांत अकरा वर्षांचं अंतर आहे, ते नीट बघा. फील्डिंगचा गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार १९५७ मध्ये सुरू झाला आणि त्याला तो सलग १२ वर्षं मिळाला. त्याआधीच्या वर्षांत पुरस्कारच नव्हता.

शिवाय १९५२चा बहुतेक आणि १९५३चा संपूर्ण हंगाम सैन्यात गेला. परत आल्या आल्या १९५४ मध्ये .३४५ आणि ४१ होम रन. आणि मग तो झेल.

२९ सप्टेंबर १९५४, वर्ल्ड सिरीजचा (अजिंक्यपदाच्या मालिकेचा) पहिला सामना, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स. समोर हंगामात १११ सामने जिंकलेला क्लीव्हलंडचा संघ. आठवी इनिंग, स्कोअर २-२, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर धावपटू (धाव घ्यायला चार बेस ओळीने गाठावे लागतात), एकही बाद नाही. व्हिक वर्ट्झने सेंटर फील्डच्या पार खोलात फटका मारला. मेज पाठ करून, सरळ भिंतीच्या दिशेने धावत सुटला आणि चेंडू डोक्यावरून पुढे पडत असताना खांद्यावरून ओंजळीत घेतला. लोक इथे थांबतात. खरी करामत पुढची आहे: घेतल्याबरोबर त्याने टाच रोवून गिरकी घेतली आणि चेंडू आत फेकला. टोपी उडाली, तोल गेला, पण दुसऱ्या बेसवरचा लॅरी डोबी तिसऱ्याच्या पुढे जाऊ शकला नाही. त्या इनिंगमध्ये क्लीव्हलंडला एकही धाव मिळाली नाही, सामना दहाव्या इनिंगमध्ये जायंट्सने जिंकला आणि सिरीज ४-०ने.

मेज १८ जून २०२४ रोजी, वयाच्या ९३व्या वर्षी गेला. तेव्हा अनेक मराठी मित्रांचे मेसेज आले, त्यांतल्या बहुतेकांनी त्याला खेळताना कधी पाहिलं नव्हतं. मीही नाही.

मैदान लहान असलं तर होम रनची किंमत कमी धरायची का?

हा प्रश्न मेल ऑटसाठी विचारला जातो. ऑट १९२६ ते १९४७ एवढा काळ फक्त जायंट्सकडे होता, ५११ होम रन, नॅशनल लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन भागांपैकी जायंट्स ज्यात आहेत तो) पाचशेचा टप्पा ओलांडणारा पहिला माणूस. उंची पाच फूट नऊ इंच. चेंडू यायच्या आधी पुढचा पाय गुडघ्यापर्यंत उचलायचा, मग मारायचा. कुठल्याही कोचने आज ही सवय मोडून काढली असती.

आक्षेप असा की ५११ पैकी ३२३ पोलो ग्राउंड्सवर मारले. ते मैदान विचित्रच होतं. उजव्या कोपऱ्यात भिंत अडीचशे फुटांच्या जराशी पुढे, आणि सेंटर फील्डला पावणेपाचशेहून जास्त. वर सांगितलेल्या सामन्यातच याचा नमुना बघायला मिळतो. वर्ट्झचा चारशे फुटांहून लांबचा फटका झेल ठरला आणि दहाव्या इनिंगमध्ये डस्टी ऱ्होड्सने उजव्या कोपऱ्यात मारलेला बेताचा फटका होम रन होऊन सामना जिंकून गेला.

म्हणजे मैदानाने ऑटला मदत केली, हे कबूल. पण त्याच मैदानावर त्याच काळात इतरही डावखुरे बॅटर खेळतच होते, त्यांनी ३२३ मारले नाहीत. शिवाय ऑट भरपूर वॉक (चार चुकीचे चेंडू पडले की फुकट मिळणारा पहिला बेस) घ्यायचा, आणि वॉकला मैदानाची लांबी-रुंदी लागत नाही. उलट बाजूने मेजचंही बघा. त्याची उमेदीची वर्षं कँडलस्टिक पार्कच्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोतल्या जुन्या मैदानाच्या, वाऱ्यात गेली. तिथे संध्याकाळच्या सामन्याला जुलैत स्वेटर घालून बसलेल्या कुणालाही विचारा, तो वारा उजव्या हाताच्या बॅटरचे किती फटके आत ओढून आणत असेल.

बाँड्सला यादीत घेता? त्याने ताकद वाढवणारी औषधं घेतली ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. उत्तर जरा सविस्तर देतो.

आकडे वादातीत आहेत. २००१ मध्ये एका हंगामात ७३ होम रन. लीगचा सर्वोत्तम खेळाडू सात वेळा, त्यांतले पाच पुरस्कार जायंट्सकडून. २००४ मध्ये त्याला २३२ वॉक मिळाले, त्यांतले १२० जाणूनबुजून दिलेले. म्हणजे समोरच्या संघाने १२० वेळा 'याला मारूच द्यायला नको' असं ठरवलं. त्या वर्षी तो दर दहा वेळांपैकी सहा वेळा बेसवर पोहोचला (.६०९).

दुसरी बाजूही स्पष्ट आहे. बे एरियातल्याच बर्लिंगेम गावातल्या बाल्को या प्रयोगशाळेच्या औषध-प्रकरणात तो अडकला. जाणूनबुजून काही घेतलं नाही असं त्याने ग्रँड ज्युरीपुढे सांगितलं. २०११ मध्ये न्यायाच्या कामात अडथळा आणल्याबद्दल दोषी ठरला, २०१५ मध्ये अपिलात तो निकाल रद्द झाला. हॉल ऑफ फेमला, म्हणजे बेसबॉलच्या थोरांच्या दालनात जायला, ७५ टक्के मतं लागतात. पत्रकारांच्या मतदानातलं त्याचं शेवटचं वर्ष २०२२, त्यात त्याला ६६ टक्के मिळाली.

माझा विचार असा. संशय ज्या काळाबद्दल आहे तो १९९८चा हंगाम संपल्यानंतरचा. त्याच्या आधीच तो तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला होता आणि १९९८च्या ऑगस्टमध्ये ४०० होम रन आणि ४०० बेस-चोऱ्या (फटक्याची वाट न बघता पळून पुढचा बेस गाठणं) दोन्ही करणारा इतिहासातला पहिला माणूस बनला होता. त्याच वर्षी २८ मे रोजी ॲरिझोनाविरुद्ध काय झालं ते ऐका. शेवटची इनिंग, ॲरिझोना ८-६ने पुढे, दोन बाद, तिन्ही बेस भरलेले, समोर बाँड्स. मॅनेजर बक शोवॉल्टरने खुणेने सांगितलं, वॉक द्या. म्हणजे एक धाव फुकट देऊन ८-७ करून घेतलं, पण बाँड्सला बॅट फिरवू दिली नाही. पुढचा बॅटर बाद झाला आणि ॲरिझोना जिंकली. औषधांच्या चर्चेच्या आधीचा बाँड्स हा असा होता.

तेव्हा मी त्याला घेतो, आणि दुसऱ्या क्रमांकावर घेतो. क्लबनेही ११ ऑगस्ट २०१८ रोजी त्याचा २५ क्रमांक निवृत्त केलाच (म्हणजे तो आता दुसऱ्या कुणाला मिळत नाही). पण शेजारी तारांकित टीप हवीच. मुलांना 'तो खलनायक' किंवा 'तो देव' यांतलं एकच सांगून मोकळं व्हायचं असेल तर बाँड्सचा विषय काढू नका. आणि एक गंमत: मेज हा बाँड्सचा धर्मपिता, वडील बॉबी बाँड्सही जायंट्सचेच. पहिल्या दोन जागा एकाच घरात गेल्यासारख्या आहेत.

आकडेवारी फार डोक्यावरून जाते. कमीत कमी किती माहीत असावी?

दोन पुरेत.

पहिला 'वॉर'. याच्या जागी ऐन वेळी मिळेल तो साधा बदली खेळाडू उभा केला असता तर संघाने किती सामने कमी जिंकले असते, त्याचा अंदाज. मेजचा जायंट्ससाठीचा वॉर दीडशेच्या पुढे जातो, बाँड्सचा शंभराच्या पुढे. दोन-चार गुणांच्या फरकावरून भांडू नका, कारण वेगवेगळ्या संस्था वेगवेगळ्या सूत्राने काढतात.

दुसरा 'ओपीएस प्लस'. त्या वर्षीचा सरासरी बॅटर म्हणजे १००, आणि मैदानाचा परिणाम वजा केलेला. १५० म्हणजे सरासरीपेक्षा पन्नास टक्के सरस. १९३० मध्ये बिल टेरीने .४०१ मारले, नॅशनल लीगमध्ये त्यानंतर कुणालाही चारशे गाठता आलेले नाहीत. पण १९३० हे वर्ष असं होतं की संपूर्ण लीगची सरासरीच तीनशेच्या वर गेली होती. ओपीएस प्लस नेमकं हेच झाकण उघडतं. टेरी थोर राहतोच, मात्र डोळे दिपायचे थांबतात.

शंभर वर्षांपूर्वीच्या पिचरची (चेंडू टाकणाऱ्याची) आजच्यांशी तुलना कशी करायची?

सरळ करायचीच नाही. प्रत्येकाला त्याच्या काळातल्या लोकांशी तोलायचं आणि मग ती तफावत बघायची.

क्रिस्टी मॅथ्यूसनचे ३७३ विजय, त्यांतले ३७२ जायंट्ससाठी. उरलेला एक सिनसिनाटीकडे गेल्यावर. १९०५च्या वर्ल्ड सिरीजमध्ये सहा दिवसांत तीन सामने टाकले, तिन्ही पूर्ण, २७ इनिंग, शून्य धावा. तेव्हा चेंडू मऊ, मळका, आठवडा-आठवडा होम रन न दिसणारा काळ, हे मान्य. पण तोच चेंडू बाकीच्यांच्याही हातात होता. १९३६ मध्ये हॉल ऑफ फेमच्या पहिल्या पाच जणांत तो होता. त्या काळी शर्टावर क्रमांकच नसत, म्हणून मैदानात निवृत्त क्रमांकांच्या ओळीत त्याच्या नावापुढे आकड्याऐवजी 'एनवाय' लिहिलेलं आहे.

डावखुरा कार्ल हबेल १९३०च्या दशकातला. त्याचा स्क्रूबॉल उलट्या बाजूला वळायचा, आणि तो टाकून टाकून हाताचा तळवा कायमचा बाहेर वळला होता. १९३४च्या ऑल-स्टार सामन्यात त्याने बेब रूथ, लू गेरिग, जिमी फॉक्स, अल सिमन्स आणि जो क्रोनिन यांना ओळीने स्ट्राइकआउट केलं. पाचही जण पुढे हॉल ऑफ फेममध्ये. १९३६-३७ मिळून सलग २४ विजय.

हुआन मारिशाल की गेलॉर्ड पेरी?

मारिशाल. पेरीने कारकिर्दीत जास्त विजय मिळवले, ३१४, पण सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार दोन्ही वेळा इथून गेल्यावर मिळाला. पुन्हा तोच पहिला नियम. मारिशालचे २४३ पैकी २३८ जायंट्सचे.

आणि २ जुलै १९६३ची रात्र आहेच. कँडलस्टिकवर मारिशाल, वय २५, आणि समोर मिलवॉकीचा वॉरन स्पॅन, वय ४२. नऊ इनिंग ०-०. बारा इनिंग ०-०. दोघांपैकी एकही बाहेर यायला तयार नाही. पंधरा इनिंग ०-०. सोळाव्या इनिंगमध्ये मेजने स्पॅनला होम रन मारला आणि सामना १-०ने संपला. मारिशालने २२७ चेंडू टाकले होते. आज पिचर शंभराजवळ गेला की डगआउटमध्ये (संघाच्या बाकावर) दुसऱ्या पिचरसाठी फोन खणखणतो.

१९६५ मध्ये याच मारिशालने डॉजर्सच्या जॉन रोझबरोच्या डोक्यात बॅट घातली, हेही त्याच्या खात्यात आहे. पुढे दोघांची मैत्री झाली.

लिन्सेकमची चांगली वर्षं चारच. तरी थोर?

टिम लिन्सेकमला वगळणारा माणूस २००८ ते २०१० इथे नव्हता, असं मी समजतो. सडपातळ, लांब केस, अंगापेक्षा मोठी उडी घेऊन चेंडू टाकायचा. २००८ आणि २००९ सलग दोन साय यंग. २०१०च्या प्लेऑफमधल्या (हंगामानंतरच्या बाद फेरीतल्या) पहिल्याच सामन्यात अटलांटाविरुद्ध १४ स्ट्राइकआउट, आणि वर्ल्ड सिरीज जिंकून देणारा पाचवा सामनाही त्याचाच. नंतर वेग गेला तो गेलाच, पण २०१३ आणि २०१४ मध्ये सॅन डिएगोविरुद्ध दोन नो-हिटर (समोरच्यांना एकही हिट न देता संपवलेले सामने) टाकून गेला.

शिखर किती उंच आणि पठार किती लांब, हे दोन्ही मोजावं लागतं. मी साधारण निम्मं निम्मं वजन देतो. त्याने लिन्सेकम पहिल्या दहांत येत नाही, पहिल्या वीसांत नक्की येतो.

मॅडिसन बमगार्नरचं तसंच. त्याची नेहमीच्या हंगामातली आकडेवारी चांगली, थोर नव्हे. पण २९ ऑक्टोबर २०१४, कॅन्सस सिटी, सातवा सामना, जायंट्स ३-२ने पुढे. तीनच दिवसांपूर्वी संपूर्ण सामना टाकलेला हा माणूस पाचव्या इनिंगला आत आला आणि शेवटपर्यंत बाहेर गेला नाही. पाच इनिंग, दोन हिट, शून्य धावा. नवव्या इनिंगमध्ये दोन बाद असताना आउटफील्डमध्ये चेंडू सुटला, बरोबरीची धाव तिसऱ्या बेसवर, आणि आमच्या घरात कुणी जागेवर बसायला तयार नव्हतं. पुढचा फटका वर उडाला, पाब्लो सँडोव्हालने बाजूला जाऊन झेलला. वर्ल्ड सिरीजच्या ३६ इनिंगमध्ये बमगार्नरची सरासरी (दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) ०.२५ आहे. असा माणूस यादीत नको म्हणणाऱ्याशी मी चहा पिईन, वाद घालणार नाही.

अजिंक्यपदाची अंगठी किती महत्त्वाची?

थोडी. बेसबॉलमध्ये एकटा बॅटर नऊ वेळांतून एकदाच येतो, सामना एकट्याने ओढता येत नाही. विली मॅकोव्हीला अंगठी नाही. १९६२च्या सातव्या सामन्यात यांकीज १-०ने पुढे, शेवटची इनिंग, दोन बाद, दोन धावपटू बेसवर, आणि मॅकोव्हीने गोळीसारखा मारलेला चेंडू थेट सेकंड बेसमन बॉबी रिचर्डसनच्या हातात. तीन फूट इकडे-तिकडे गेला असता तर मॅकोव्हीच्या नावावर अजिंक्यपद असतं. त्या तीन फुटांसाठी मी ४६९ होम रनवाल्या माणसाचे गुण कापू का? मैदानामागच्या खाडीला लोक त्याच्या नावाने ओळखतात ते उगाच नाही.

बस्टर पोझीच्या बाबतीत मात्र तीन अंगठ्या मी मोजतो, कारण तो कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा), आणि कॅचर प्रत्येक चेंडूत असतो. २०१० मध्ये सर्वोत्तम नवोदित, २०१२ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू, आणि मधल्या २०११ मध्ये होम प्लेटवरच्या टकरीत पाय मोडलेला. त्या टकरीनंतर कॅचरवर धडकण्याविरुद्ध २०१४ मध्ये नियम झाला.

कृष्णवर्णीय खेळाडूंना १९४७ पर्यंत खेळूच दिलं नाही, त्याचा हिशेब?

हा हिशेब कोणत्याही सूत्रात पूर्ण बसत नाही. माँटी अर्विन न्यूअर्क ईगल्सकडे निग्रो लीगमध्ये खेळत होता. जायंट्समध्ये तो १९४९ मध्ये आला तेव्हा तिशीत होता. तरीही १९५१ मध्ये १२१ धावा घडवून आणून लीगमध्ये पहिला आला. २०२० मध्ये मेजर लीगने निग्रो लीगना मेजर दर्जा दिला आणि २०२४ मध्ये ते आकडे अधिकृत नोंदीत घेतले; मेजच्या हिटही त्यामुळे दहाने वाढल्या. पण आपल्या नियमाने अर्विनची न्यूअर्कची वर्षं जायंट्सच्या खात्यात येत नाहीत. इथे मी नियम वाकवतो. ज्याला दारच बंद होतं, त्याला 'उशिरा का आलास' असं विचारणं बरं दिसत नाही.

एकाच फटक्याने कुणी थोर होतो का?

बॉबी थॉमसनचा ३ ऑक्टोबर १९५१चा होम रन, ज्याने डॉजर्सचा हंगाम संपवला, तो अमेरिकन खेळांतला बहुधा सर्वात प्रसिद्ध फटका. थॉमसन चांगला खेळाडू होता. थोर तो क्षण होता. त्या हंगामात जायंट्स दुर्बिणीतून कॅचरच्या खुणा चोरत होते हे पन्नास वर्षांनी उघड झालं, तो वाद निराळा.

याच्या उलट मॅट केन. जन्मभर एकच संघ, १३ जून २०१२ रोजी जायंट्सच्या इतिहासातला पहिला परफेक्ट गेम (समोरचा एकही बॅटर बेसवर पोहोचत नाही असा सामना), आणि कारकीर्द १०४ विजय, ११८ पराभव. पिचरचे जय-पराजय त्याच्या संघाने किती धावा काढल्या यावर ठरतात, याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

मग तुमचा संघ कोणता?

कॅचर पोझी. पहिल्या बेसवर मॅकोव्ही (टेरीचे चाहते नाराज होतील). दुसऱ्यावर जेफ केंट, २०००चा लीगचा सर्वोत्तम खेळाडू. फक्त त्याची आणि बाँड्सची २००२ मध्ये डगआउटमध्येच जुंपली होती, तेव्हा दोघांना लांब बसवा. शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला फील्डर) मला शेवटपर्यंत खात्री नसते. एकोणिसाव्या शतकातला जॉर्ज डेव्हिस आकड्यांनी सरस, पण मी ब्रँडन क्रॉफर्ड लिहितो, कारण त्याला डोळ्यांनी पाहिलंय. हा पक्षपात आहे. तिसऱ्या बेसवर मॅट विल्यम्स. १९९४ मध्ये त्याचे ४३ होम रन झाले असताना ऑगस्टमध्ये संप झाला आणि हंगामच बुडाला. आउटफील्ड बाँड्स, मेज, ऑट. तिथे चर्चाच नाही.

पिचर मॅथ्यूसन, हबेल, मारिशाल, बमगार्नर, लिन्सेकम. शेवटच्या इनिंगसाठी रॉब नेन, ज्याने २००२ मध्ये खांदा फाटलेला असताना टाकत राहून स्वतःची कारकीर्द संपवून घेतली.

मॅनेजर?

जॉन मॅकग्रॉ, १९०२ ते १९३२. प्लेऑफपुरता ब्रूस बोची, २०१०-१४च्या तिन्ही अजिंक्यपदांवेळचा मॅनेजर.

आमच्या गटात मतदान घ्यायचंय. कसं घ्यावं?

प्रत्येकाने दहा नावं क्रमाने लिहायची, पहिल्याला दहा गुण, दहाव्याला एक. चिठ्ठ्या गोळा होईपर्यंत नावं मोठ्याने बोलायची नाहीत, नाहीतर जो आवाजाने मोठा त्याचीच यादी सगळ्यांकडे निघते. प्रत्येकाने १९५८ पूर्वीची निदान दोन नावं द्यायची, ही अट घाला. नाहीतर २०१०-१४चेच खेळाडू पहिल्या दहांत सात येतात. आणि मुलांचं मत मोठ्यांच्या मताइतकंच मोजा. ती आकडे आपल्यापेक्षा चांगले पाठ करतात.

यात कुणी भारतीय?

जायंट्सच्या मैदानावर अजून नाही. पण एक धागा आहे. २००८ मध्ये भारतात वेगवान फेक करणारे तरुण शोधायची जी स्पर्धा झाली, तिच्यामागे जायंट्सचे एक भागीदार मालक विल चँग होते. त्यातून निघालेल्या उत्तर प्रदेशच्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोघा भालाफेकपटूंना करार मात्र पिट्सबर्गने दिला.

सध्याच्या संघातलं कुणी या यादीत येईल?

लोगन वेबवर लक्ष ठेवा. २०२३ आणि २०२४ दोन्ही वर्षं नॅशनल लीगमध्ये सर्वात जास्त इनिंग त्याने टाकल्या, आणि आजकाल पिचर सहावी इनिंग बघत नाहीत तिथे हे मोठं आहे. पाच हंगामांची अट त्याने पूर्ण केली आहे. अजिंक्यपदाच्या सामन्यात चेंडू हातात यायचा बाकी आहे, आणि तो यायला आधी संघ तिथवर पोहोचायला हवा. ते काम २०२४च्या शरद ऋतूपासून बस्टर पोझीकडे आहे, यावेळी ऑफिसात बसून.